कोवळीचा शुक्रवार

शनिवार, 14 जानेवारी 1989

मंगळीला,

अक्षर माझं नाही, शब्द माझे आहेत. लिहितेय बकुळा, अंबाडीच्या दवाखान्यातली नर्सबाय. एरवी पोरांना सुया टोचते, आणि शनिवारी दुपारी पाड्यावर आली की माझ्यासारख्यांची पत्रं लिहिते. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं. फक्त माझं ‘न्हाय’ ती ‘नाही’ करते. म्हणते, आजी, वाचणाऱ्याला बरं वाटतं. तुला बरं वाटलं तर कळव.

पत्राला खास कारण काही नाही. दीड वर्ष झालं, तू एक ओळ धाडली नाहीस, मीही नाही. माझ्याकडे निदान सबब आहे, मला लिहिता येत नाही. तू सातवी शिकलीस. तुझी सबब तू शोध.

सोमा जावयाची वापीतली कंपनी बरी आहे ना? शेवंताला दात आले का? म्हणजे आलेच असतील, दोन वर्षांची झाली. पडायला लागायच्या आधी मला बघायचे आहेत.

भिवंडीतला आपला बाजार चालू आहे. शुक्रवारी लूम बंद असतात म्हणून आपण शुक्रवार धरला होता, तो अजून तसाच आहे. कारखान्यामागचं पटांगण तेच, भिंतीला टेकून मी बसते ती जागा तीच. तू होतीस तेव्हा चाळीस बाया टोपल्या घेऊन उतरायच्या. आता नऊ. त्यातली एक बहिरी आहे, तिला भाव सांगितला की ती नमस्कार करते. वालाच्या शेंगा, मुळा, वांगी असं घेऊन बसतो. दुपारपर्यंत माश्या गिऱ्हाईक आणि माश्याच सोबत.

गेल्या शुक्रवारी रामसुमेर आला. तोच, ऐंशी लूमवाल्यांची बिशी चालवणारा, दोन्ही वेळा त्यांना रांधून घालणारा. माझ्यासमोर उकिडवा बसला. भाजी घेतली नाही.

म्हणाला, “माई, सेठ ये जगह ट्रकवालों को दे रहा है. जून के बाद यहाँ गाड़ियाँ खड़ी होंगी.”

मी म्हटलं, “तू बोल ना सेठको. तेरेको मानता है वो.”

“मैं क्या मुँह लेके बोलूँ? नौ टोकरी का बाजार. जून में एक शुक्रवार पहले जैसा भरके दिखाओ, सब बिशीवाले आएँ, तब बोलूँगा.”

“दिखाती हूँ.”

“आपके बुलाने से बिशीवाले नहीं आएँगे, माई. वो मंगली के बुलाने से आते थे. उसको लाओ.”

“वो क्या बत्ती है, बटन दाबा और आयी?”

तो हसला नाही. मीच हसले. तेव्हा सांगायचं ते एवढंच, की जूनच्या आधी ये. तुझ्याशिवाय पटांगण जातंय. बायांना मी उठवीन, माझ्या शब्दावर त्या टोपली उचलतात. बिशीवाल्यांना तू आण.

आणि त्या शुक्रवारचं धरून बसली असशील तर सोड. तू कागद छापून बिशीबिशीत चिकटवलेस, 19 जूनला रानभाजीचा बाजार म्हणून. माणसं आली, आणि पाड्यावरून एक बाय खाली उतरली नाही. तू दिवसभर एकटी उभी राहिलीस. मला माहीत आहे ते. पण देव जेवला नव्हता त्याला मी काय करू? मंगळवारी वाघ्याची बायको वारली, बारा घरांना सुतक लागलं, कोवळीची पूजा पुढे गेली. रानातली ती पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुठलंच नवं हिरवं तोडायचं नाही, खायचं नाही, विकायचं नाही, हे तुला मी शिकवायला नको. तुला निरोप दिला होता मी. नामाकडे. तो रोज दूध घेऊन भिवंडीला जातो, त्याच्याकडे दिला आणि तो विसरला. माणूस विसरतो.

अंगठा उठवतेय. बकुळा म्हणते शाई जास्त झाली.

तुझी आयस, सखी


शनिवार, 18 फेब्रुवारी 1989

मंगळीला,

पहिलं पत्र पोचलं नसेल असं धरून हे दुसरं. पोस्टमनला विचारलं. तो म्हणतो, वापीचं पत्र चार दिवसांत जातं. मग मी त्याला विचारलं, उत्तर यायला किती दिवस लागतात? तर म्हणतो, ते लिहिणाऱ्यावर आहे. भारी शहाणा.

माझं बूड जाग्यावर राहत नाही, म्हणून मी आता बुधवारीही भिवंडीला जाते. विकायला काही नेत नाही, बोलवायला जाते. तू कागद चिकटवायचीस. मला कागदाचं काय कळणार, मी डबा नेला. रिकामा तेलाचा डबा आणि एक काठी. गल्लीत उभी राहून बडवला. कोणाला ऐकू येतो? दोन्ही बाजूंना लूमची खटखट. तिथे देव ओरडला तरी मुंडी वर होणार नाही. शेवटी शिफ्ट सुटायची वेळ धरली. माणसं कापसाच्या भुरक्या डोक्यांनी बाहेर पडली, तेव्हा बडवला. त्यांना वाटलं कुणी मेलं. दोघांनी टोप्या काढल्या.

मग बिशीबिशीत गेले. तू जशी जायचीस. स्वयंपाक्याच्या शेजारी बसायचं, काय रांधतो ते बघायचं, आणि मग सांगायचं, ह्याच्यात हे घाल. आठवतं, पहिल्या वर्षी त्या आझमगडच्या स्वयंपाक्याने शेवळं नेली आणि आंबट काकडं न घालता रांधली? ऐंशी माणसांचे घसे खाजले. तू दुसऱ्या दिवशी काकडं घेऊन गेलीस, चुलीपाशी बसून तिखटमीठ लावून शेवळांची भाजी करून दाखवलीस, आणि पहिला घास स्वतः खाल्लास. त्याच बिशीतून पुढच्या शुक्रवारी तिप्पट माणसं आली. ते मला कधी जमलं नसतं. मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

आता मला बसू देतात, चहा देतात. बाजाराचं नाव काढलं की एकमेकांकडे बघतात. ह्या बुधवारचं सांगते. एका बिशीत दोन पोरं भांडत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, तू रात की ड्युटी बदल देगा बोला था, क्या हुआ? दुसरा म्हणाला, कल पक्का. तर पहिला म्हणतो, “हाँ हाँ, मंगली का बाजार.”

सगळे हसले.

मला आधी कळलंच नाही. मग स्वयंपाक्याने हळूच सांगितलं की इथे असं बोलतात. कोणी कबूल करून केलं नाही की ते मंगली का बाजार. नवीन आलेली पोरंसुद्धा बोलतात, ज्यांनी तुला बघितलं नाही ती.

मी पण हसले. तिथे बसले होते, सगळे हसत होते, हसले. घरी आले तर भाकर गिळवेना. बकुळाला म्हटलं हे लिहू नको. ती म्हणाली, पहिल्या दिवशी तूच सांगितलंस, सगळं लिही. तेव्हा लिहिलंय.

ये. तू दिसलीस की ते बोलायचे बंद होतील.

सखी


शनिवार, 25 मार्च 1989

मंगळे,

आज बकुळाने पेनाला टोपण लावलं आणि मांडीवर ठेवलं.

झालं असं. नामाच्या धाकट्याला डोस द्यायला ती त्याच्या घरी गेली. दोन पत्रं लिहिली होती, डोक्यात होतं, सहज विचारलं, “काय रे नामा, एवढा मोठा निरोप आणि विसरलास?” नामा म्हणाला, “मला तरी कुठं आठवतंय. आजी म्हणते दिला, म्हंजी दिलाच आसंल. मी विसरलोच आसनार.”

दोन वर्षं पाडा त्याला विसऱ्या म्हणतो. सायकल घेऊन निघाला की कोणीतरी विचारतं, नामा, कॅन घेतलास का, का घरीच? त्याच्या सासऱ्याने एकदा सगळ्यांदेखत त्याच्या सदऱ्याला गाठ मारली. तो हसतो. तो एवढा भोळा आहे की माझ्या खोट्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे.

बकुळा आली आणि म्हणाली, “आजी, एक विचारते. दिला होतास का निरोप?”

मी म्हटलं, “तू नर्स हायस का पोलीस?”

“खोटं असेल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घे. मी माझ्या हाताने नाही लिहिणार.”

आता इथे दुसरं कोण लिहितं? मास्तर लिहितात, पण ते माझं बोलणं सुधारून असं करतात की मलाच ते पत्र कोणीतरी मला धाडलंय असं वाटतं. तेव्हा ऐक. तिला सांगितलं तेच तुला सांगते, आणि ती उचलून ठेवलेलं पेन आता चालवतेय.

निरोप मी दिला नाही.

मंगळवारी वाघ्याची बायको गेली, तिन्हीसांजेला धाकल्या भगताने सांगितलं की पूजा पुढच्या मंगळवारी. मला त्याच घटकेला तुझा कागद आठवला. बुधवारी सकाळी नामा माझ्या दारावरून गेला. मी त्याला विचारलं, दूध किती निघालं? त्याने सांगितलं. गेला. गुरुवारी गेला, मी म्हटलं, गाय बरी आहे का. बरी होती. शुक्रवारी तर तो थांबून पाणी मागून प्याला. मी तांब्या दिला. तोंडात शब्द होता आणि मी तो दाबून ठेवला, जसा आपण पोराच्या हातून घेतलेला चाकू पदराखाली ठेवतो.

का? तू विचारशील. मीही रोज विचारते.

बाजार मी उभा केला, मंगळे. बारा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन त्या गटारापाशी मी बसले, पोलिसाने दोनदा टोपली उलथली, तेव्हा रामसुमेरने ते पटांगण मिळवून दिलं. मग तू आलीस, कागद छापलेस, बिशीत चुलीपाशी बसलीस, आणि दोन वर्षांत बाया म्हणायला लागल्या, मंगळीचा बाजार. माझ्या तोंडावर. मी हसायचे. आणि तो कागद छापून तू मला दाखवायला आणलास. मी विचारलं, भगताला विचारलंस? तू म्हणालीस, “दरवर्षी पाऊस लागल्यावर आठ दिवसांत होते पूजा, मी हिशेब केलाय. आये, देवाला पण आता तारीख पाळायला शिकव.”

ते लागलं मला. देवाला लागलं म्हणून नाही, त्याचं त्याला माहीत. मला लागलं. म्हटलं, बघू दे हिला तारीख कशी पाळतात.

वाटलं होतं घटकाभर उभी राहील, येईल घरी, रडेल, मी समजूत काढीन. तू दिवे लागेपर्यंत उभी राहिलीस. लोकांना हात जोडत. सोमाने तुला ओढून नेलं. महिन्यात तुम्ही वापीला.

एवढं लिहून झाल्यावर बकुळाला बसवून नामाकडे जाऊन आले. म्हटलं, नामा, तू विसरला नव्हतास. मी बोललेच नव्हते. तो खाली बसून सायकलची चेन पुसायला लागला. मग म्हणाला, “मंग मला लोकांचं आईकून विसरायची सवय लागली त्याचं काय करू, आजी?”



सखी


शनिवार, 13 मे 1989

मंगळे,

तुझं कार्ड आलं. मागच्या महिन्यात, आणि त्यावर चार ओळी. बकुळाने तीन वेळा वाचून दाखवल्या. चौथ्यांदा म्हटलं वाच, तर म्हणाली, आजी, त्या वाढत नाहीत.

“आये, हे तू मला कागदावर सांगितलंस. मी कागदावर उभी नव्हते, पटांगणात होते. तिथे सांग. बिशीवाल्यांना आणि बायांना, दोघांना.”

शेवंताच्या दातांचं काहीच नाही.

बरी आहेस. तुझ्या बापाचा हट्ट आणि माझी जीभ, दोन्ही घेतलंस. पण तू विचार कर जरा. ह्या पाड्यावर माझ्याकडे काय आहे? जमीन आहे ती खडक. शब्द आहे. सखी म्हणाली निघा, की बाया निघतात. सखी म्हणाली आज नको, की थांबतात. तो शब्द मी तिथे उभं राहून मातीत घालू, मग जूनमध्ये त्यांना कोण उठवील? तू? तुझ्यावर तर त्या आधीच रागावल्या आहेत, देवाआधी तारीख छापली म्हणून. त्यांना अजून वाटतं की चूक तुझी एकटीची. आणि मी ते वाटू दिलं. हे पण लिही, बकुळा, लिही.

तीन शुक्रवार झाले. दर शुक्रवारी ठरवून जाते. पहिल्या शुक्रवारी रामसुमेर आला नाही, म्हणून नाही बोलले. दुसऱ्या शुक्रवारी तो आला पण बहिरी आली नव्हती, म्हटलं सगळ्या असू देत. बहिरीला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. काल सगळे होते. काल मी आंब्यांचे वाटे लावत बसले, लावलेले मोडून परत लावले, गिऱ्हाईक म्हणालं, माई, बेचना है या खेलना है?

पाऊस लागायला चार आठवडे आहेत.

सखी


शनिवार, 3 जून 1989

मंगळे,

बोलले. काल.

सांगते कसं झालं ते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ऐकशील तेव्हा ताडून बघता येईल. नऊच्या अकरा बाया झाल्या होत्या, आंबे आणि फणस म्हणून. रामसुमेर फणस बघायला आला, त्याच्याबरोबर आणखी तीन बिशींचे लोक. तो फणस ठोकून बघत होता. मी म्हटलं, “उसको छोड. मेरेको ठोक.”

तो म्हणाला, “क्या हुआ, माई?”

मी उभी राहिले. गुडघे तुला माहीत आहेत, उठायलाच एवढा वेळ लागतो की लोक आपोआप बघतात. माझी हिंदी पण तुला माहीत आहे. म्हटलं, वो उन्नीस जून, मंगली का कसूर नहीं. मेरेको तीन दिन पहले मालूम था कोई नहीं आनेवाला. मैं बताया नहीं. जानबूझके. मेरी बेटी इधर खडी थी और मैं उधर घर में बैठी थी, मालूम होके.

मग तेच आपल्या बोलीत बायांना सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. हिंदीत माणूस थोडा दुसराच असतो.

रामसुमेरने फणस खाली ठेवला. म्हणाला, “उस दिन हमने सब्जी नहीं मँगाई थी, माई. मंगली का भरोसा था. अस्सी आदमी ने नमक-रोटी खाई. मैंने उस लड़की को सबके सामने झूठी बोला.” मग हात झटकून, “आपको नहीं बोलूँगा. उमर है आपकी.”

मला वाटतं बोलला असता तर बरं झालं असतं.

बायांचं सांगते. गोदू माझ्या शेजारी बसते, बारा वर्षं. तिने आपली टोपली उचलली आणि समोरच्या भिंतीला जाऊन बसली. भांडली नाही, बडबडली नाही. एकेक करून बाकीच्या गेल्या. बहिरीला काय झालं ते कळलं नव्हतं, ती माझ्याकडे बघून हसली आणि मग गोदूने तिला हात केला तर तीही गेली. पटांगणाच्या ह्या भिंतीला मी आणि आंबे.

परत येताना एसटीत गोदू म्हणाली, “सखे, देवाचं नाव म्होरं करून तू आपला राग काढलास. आता तू सांगशील ते देवाचं का तुझं, आमी कसं वळखायचं?”

मी म्हटलं, “विचारून घ्यायचं, मी सांगेन.”

“तेच तर.”

असं आहे. मी म्हटलं होतं ना, शब्द जाईल. गेला. तू म्हणशील चांगलं झालं. मला पण आज सकाळी उठल्यावर पोटात जागा झाल्यासारखं वाटलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या. तेवढं चांगलं झालं. बाकीचं तुझ्यावर.

रामसुमेर म्हणालाय की जूनचा शेवटून दुसरा शुक्रवार बघू, 23 तारीख, सेठ स्वतः येऊन बघणार. त्याने हे तुला वेगळं लिहिलंय, त्याच्या माणसाकडून. मी ये म्हणत नाही. पहिल्या दोन पत्रांत म्हटलं ते पुरे.

सखी


मंगळवार, 20 जून 1989, सकाळी

मंगळे,

हे पोस्टाने नाही, नामाच्या हाती धाडतेय. बकुळाला ड्युटीवरून ओढून आणलंय, ती उभ्या उभ्या लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नको.

तू शेवंताला घेऊन भिवंडीत उतरलीस हे रविवारी कळलं. रामसुमेरच्या शेजारच्या खोलीत राहिलीस, पाड्यावर आली नाहीस. नसशील आली. तू ह्या वेळी धाकल्या भगताला निरोप धाडून आधी विचारलंस, त्याने 19ला पूजा सांगितली, आणि मग 23चे कागद छापलेस. तुझं काहीच चुकलं नाही. हे मी आधी सांगते, मग पुढचं.

पूजा काल झाली नाही.

रविवारी दुपारी गोदूची सून बाळंत झाली. मुलगी. दिवस भरायला तीन आठवडे होते, कोणाच्या मनात नव्हतं. सुटका केली ती ह्याच बकुळाने, म्हणजे तुझा बाजार मोडणारी ही माझ्यासमोरच उभी आहे आणि लिहिताना तिचा चेहरा बघण्यासारखा झालाय. बारा घरांचा देव एक. विटाळ फिटून पूजा शनिवारी, 24ला. तुझ्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी. मी काल दोनदा धाकल्याकडे गेले. म्हटलं, एक दिवस अलीकडे नाही का होत? तो म्हणाला, “सखे, मी देवाचा भगत हाय, एसटीचा कंट्रोलर न्हाय.” बरोबर आहे त्याचं.

तर शुक्रवारी कोवळी येणार नाही. शेवळं येणार नाहीत, टाकळा येणार नाही. धाकल्याने शनिवार पक्का केला तो काल संध्याकाळी, आणि हा नामा आज सकाळी निघतोय. तुझ्या हातात तीन दिवस आहेत.

आता मी रात्रभर डोकं खाजवलं ते सांगते, पटलं तर घे. देवाची अट नव्या हिरव्याची आहे. जुन्याची नाही. घराघरात गेल्या सालचे वाल आहेत, उडीद आहेत, नागली आहे, कणगीच्या तळाला तूर आहे. झाडावर शेवटचे फणस आहेत. धाकल्याला विचारलं, जुनं विकलं तर? म्हणाला, जुनं देवाने केव्हाच खाल्लंय. आणि बिशीवाल्याला रोज काय लागतं? भाजीच्या आधी डाळ लागते. तू आज बिशीबिशीत जाऊन आधीच सांगितलंस की ह्या शुक्रवारी हिरवं नाही, डाळीचा बाजार आहे, हिरवं पुढच्या शुक्रवारी, तर ते खोटं ठरत नाही. तुला चुलीपाशी बसून सांगता येतं. सेठला टोपल्या मोजायच्या आहेत, टोपलीत काय आहे ते तो थोडाच रांधणार.

अडचण एकच आहे. चाळीस बायांनी आपली कणगी उघडून डोक्यावर घेऊन उतरायचं, हे त्यांना सांगणार कोण? मी सांगितलं तर गोदू विचारणार, हे देवाचं का तुझं. आणि मला आता त्यावर बोलायचा हक्क नाही. तू सांग. तू दोन ओळी लिहून नामाकडे दे, बकुळा उद्या विहिरीवर बायांना वाचून दाखवेल. तुझ्यावर त्यांचा आता राग नाही. कालच गोदू बाळंतिणीला शेक देता देता म्हणाली, त्या पोरीला आपण उगाच बोललो. माझ्याशी बोलत नाही ती, तरी बोलली.

नाही पटलं, जमणार नाही, पुरे झाला हा बाजार असं वाटलं, तर तसं लिही. मग शुक्रवारी मी एकटी उतरते आणि पटांगणात उभी राहून येईल त्याला मीच सांगते. तू खोलीत बस शेवंताला घेऊन.

नामा दुपारी चारला परततो. मी आत्तापासून अंबाडी नाक्यावर जाऊन बसतेय, नामा सायकल लावून दुधाचा टेम्पो धरतो तिथे. हो असो, नाही असो, आजच धाड. तुला पटांगणात वाट बघायला लावलं ते काय असतं, ते मला इथे बसून कळू दे. पण चारपर्यंतच.

सखी